हरळीच्या वाटणीचं पाणी

नाशिकमध्ये रिक्षात बसून ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ म्हटलं, तर रिक्षावाला खात्री करून घेतो, “म्हणजे गोल्फ क्लबच ना?” २१ डिसेंबर १९०९च्या रात्री विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कोवळ्या पोराचं नाव या मैदानाला मिळालं, पण साहेबाच्या खेळाचं नाव काही लोकांच्या तोंडून गेलं नाही. गोल्फ मात्र तिथून केव्हाच गेला. आता तिथं रणजीचे सामने होतात, कडेच्या ट्रॅकवर पहाटेपासून माणसं चालत असतात. जुन्या खेळाचं राहिलं ते नाव आणि पायाखालचं गवत. आज बोलायचंय ते या गवताबद्दल. मैदान गोल्फचं असो, क्रिकेटचं असो, की महापालिकेच्या बागेतलं लॉन असो, उन्हाळ्यात त्याला पाणी लागतंच. ते कोणतं द्यायचं, हा प्रश्न नाशिकसारख्या शहरानं नीट सोडवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

उष्ण प्रदेशातल्या गोल्फच्या मैदानांवर जगभर जे गवत लावतात त्याला ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजेच आपली हरळी. शेतात शिरली की कुदळीनं खणून काढावी लागते, एक कांडं राहिलं तरी पुन्हा फुटते. तीच कोवळी असताना दूर्वा म्हणून गणपतीच्या डोक्यावर जाते. गोल्फसाठी वापरतात त्या संकरित जाती, पण त्यांच्या आईबापांपैकी एक ही हरळीच. शेतकऱ्याला तिचा जो चिवटपणा नकोसा होतो, तोच मैदानावर कामाला येतो. ती तुडवलेली सोसते, आखूड कापलेली सोसते, आणि खारट पाणीही बरंच सोसते. हा शेवटचा गुण लक्षात ठेवावा.

आता हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरलं की ते दहा हजार लिटर होतं. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवं ठेवायचं असेल तर गवताला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी पन्नास हजार लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याचा आपल्याकडचा दंडक आहे. त्या मापानं एक हेक्टर हिरवळ रोज ३७० माणसांचं पाणी पिते. अठरा होलच्या गोल्फ मैदानाला पन्नास-साठ हेक्टर जागा लागते. त्यातल्या पंचवीस हेक्टरांनाच पाणी द्यायचं म्हटलं तरी रोजचे साडेबारा लाख लिटर होतात. नऊ हजारांहून जास्त वस्तीच्या गावाचं हे पाणी.

२०१६च्या एप्रिलमध्ये हा हिशेब साऱ्या महाराष्ट्रासमोर उभा राहिला. त्या उन्हाळ्यात नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. वरच्या मापानं पाहिलं तर दहा हेक्टर गवत एका दिवसात पिऊन टाकील, एवढं. त्याच आठवड्यात आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर मारायच्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. क्रिकेट मंडळाकडून सांगण्यात आलं की पिण्याचं पाणी वापरणार नाही, महालक्ष्मी रेसकोर्स चालवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब त्याच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी रोज सात-आठ टँकर देईल. १३ एप्रिलला न्यायालयानं ३० तारखेनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. निकाल असा लागला तरी मला त्या सुनावणीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रेसकोर्सच्या हिरवळीसाठी शुद्ध केलेलं सांडपाणी मुंबईच्या मध्यावर आधीपासून होतंच, आणि दुष्काळ पडेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

नाशिकला असं पाणी किती आहे? भरपूर. घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी मोरी, न्हाणीघर आणि संडासातून गटारीत जातं. भुयारी गटारीतून ते तपोवन, आगर टाकळी, पंचक, चेहेडी इथल्या मलजल शुद्धीकरण केंद्रांत पोचतं. एकट्या तपोवनची क्षमता रोज १३ कोटी लिटरची. कपिला-गोदावरी संगमाच्या बाजूला जिथं सिंहस्थात साधुग्राम वसतं, त्याच परिसरात हे केंद्र आहे. तिथं आधी जाळीवर चिंध्या, प्लॅस्टिक, निर्माल्य अडतं. मग पाणी संथ करून रेती खाली बसू देतात. त्यानंतर जुन्या पद्धतीच्या टाक्यांत ते खालून वर चढवलं जातं. टाकीच्या तळाशी जिवाणूंनी भरलेल्या काळ्या गाळाचा जाड थर असतो. हे जिवाणू हवेशिवाय जगतात आणि वर चढणाऱ्या पाण्यातली घाण खातात. त्यातून जो वायू निघतो तो जळाऊ असतो, गोबरगॅससारखाच. पुढे पाण्याला हवा देतात, क्लोरीन देतात आणि ते नदीत सोडतात.

या जिवाणूंना खाता येतं ते सेंद्रिय द्रव्य. नत्र आणि स्फुरद त्यांच्या हातून फारसे जात नाहीत. म्हणून केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी स्वच्छ दिसलं, वास कमी झाला, तरी ते खताचं पाणीच असतं. याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. नाशिकच्या खाली सायखेडा-चांदोरीच्या पुलांवर उभं राहून पाहावं. पात्रभर पाणवेली. हिरवीगार, तरारलेली, पूर आला की पुलाच्या खांबांना अडकून पाणी तुंबवणारी. ती काढायला यंत्रं लावतात, माणसं लावतात, आणि काही आठवड्यांत ती पुन्हा तितकीच. कारण तिचं जेवण रोज वरून येतंच आहे, शहरातल्या प्रत्येक न्हाणीघरातून.

तेच जेवण हरळीला दिलं तर? नीट चालणाऱ्या केंद्रातून निघालेल्या पाण्यात लिटरमागे वीस मिलिग्रॅम नत्र धरू. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत एका हेक्टरला पन्नास लाख लिटर पाणी दिलं, तर त्यातून शंभर किलो नत्र आपोआप पडलं. म्हणजे जवळजवळ पाच गोण्या युरिया. गवत ते खातं, वाढतं, आणि मैदान असल्यामुळे दर आठवड्याला कापलं जातं. कापलेलं गवत उचलून कंपोस्टला नेलं की ते नत्र नदीच्या वाटेवरून कायमचं बाजूला झालं. पाणवेली काढण्याची याहून स्वस्त रीत मला माहीत नाही, कारण ही ती उगवण्याआधीच काढते. मात्र एक काळजी घ्यावी लागते. मैदानाच्या माळ्यानं सवयीनं वरून युरिया टाकला की जास्तीचं नत्र पावसात धुऊन नदीतच जातं. पाण्यातलं खत मोजून तेवढं गोणीतलं वजा करायला हवं.

खत जसं येतं, तसं मीठही येतं. ही या पाण्याची खरी गोम आहे आणि बहुतेक योजना इथंच फसतात. शुद्धीकरणात मीठ जात नाही. जेवणातलं मीठ, कपड्यांच्या साबणातला सोडियम, शेतातून आणि बोअरमधून आलेले क्षार, सगळं पाण्याबरोबर पुढे येतं. लिटरमध्ये सहाशे मिलिग्रॅम क्षार असतील तर त्याच शंभर दिवसांत हेक्टरी तीन टन क्षार जमिनीवर पडतात. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. क्षारांतही सोडियम सगळ्यात वाईट. आपल्या काळ्या मातीच्या बारीक कणांना कॅल्शियम धरून ठेवतं. तिथं सोडियम जाऊन बसला की कण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. ओली असताना चिखल, सुकली की दगड. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात, आणि एकदा चोपण झालेली जमीन पुन्हा वाफशावर आणताना जिप्सम, शेणखत, चर खणणं यांत वर्षं जातात. सांगली-कोल्हापूरकडे उसाला अति पाणी देऊन मळ्यांचे मळे क्षारपड झाले. तिथं तर पाणी नदीचं होतं.

गोल्फच्या मैदानाची बांधणी या बाबतीत उपयोगी पडते. होलभोवतीचा सगळ्यात गुळगुळीत भाग, ज्याला ग्रीन म्हणतात, तो मातीवर नसतोच. खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर खडीचा थर, त्यावर फूटभर वाळूचं मिश्रण आणि वर गवत. पाणी त्यातून सरसर उतरतं, त्याबरोबर क्षारही उतरतात. बाकीचं मैदान मात्र असतं त्या मातीवरच उभं. तिथं निचरा नीट पाहावा लागतो. नाशिकला आणखी एक गोष्ट साथ देते, ती म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर साधारण सातशे मिलिमीटर पाऊस वरून पडतो आणि उन्हाळ्यात साठलेले क्षार, निचरा असेल तर, खाली धुऊन नेतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहरानं १९८४ पासून गोल्फ मैदानांना शुद्ध केलेलं सांडपाणी पुरवलं. तिथल्या वाळवंटात हे धुण्याचं कामही त्याच पाण्यानं करावं लागतं, म्हणजे गवताला लागेल त्याहून जास्त पाणी ओतावं लागतं. आपल्याला ते काम आभाळ करून देतं.

हेच पाणी द्राक्षाला का नको, असं कुणी विचारील. निफाड-दिंडोरीचे बागायतदार पाण्यासाठी जीव टाकतात, मग खेळाच्या मैदानाला आधी कशाला? कारण द्राक्षवेल मिठाला हळवी आहे. सोडियम आणि क्लोराईड वाढलं की पानांच्या कडा करपतात, घडात साखर नीट भरत नाही. क्षारांना तोंड देण्यासाठीच तर नाशिकच्या बागांत डॉगरिजसारख्या जंगली खुंटावर कलम करायची पद्धत रुजली. त्यात नाशिकचा माल युरोपात जातो, तिथं तो तपासून घेतात. बागेला गटारीचं पाणी आहे एवढी बातमी बाहेर गेली तरी सगळ्या तालुक्याचं नुकसान होईल. द्राक्ष माणूस न शिजवता खातो, गवत कुणी खात नाही. म्हणून या पाण्याचं पहिलं गिऱ्हाईक गवतच असावं. द्राक्षाला नदीचं, गवताला नळीतलं, हीच वाटणी मला न्याय्य वाटते.

गवत कुणी खात नसलं तरी त्यावर लोक बसतात, मुलं लोळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९च्या मार्गदर्शक सूचनांत याचा बारकाईनं विचार केला होता. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे विष्ठेतले जिवाणू एक हजारपर्यंत चालतील, पण लोकांचा थेट स्पर्श होणाऱ्या हिरवळीसाठी ही मर्यादा दोनशेच हवी, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे भाजीपेक्षा लॉनचा नियम कडक. जंतांची अंडीही लिटरमागे एकाहून जास्त नकोत. ही अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत, ती गाळूनच काढावी लागतात. म्हणून केंद्रातलं पाणी थेट न उचलता पुढे वाळूच्या किंवा पडद्याच्या गाळणीतून न्यायचं, मग निर्जंतुक करायचं. बाकीची खबरदारी साधी आहे. स्प्रिंकलर रात्री चालवायचे, म्हणजे पहाटे माणसं येईपर्यंत गवत सुकलेलं असतं आणि वाऱ्यानं तुषार कुणाच्या अंगावर जात नाहीत. आणि या पाण्याची नळी पिण्याच्या नळीपासून कायमची वेगळी. अमेरिकेत त्यासाठी जांभळा रंग ठरून गेला आहे. जांभळी नळी, जांभळा नळ दिसला की पोरंसुद्धा ओंजळ धरत नाहीत.

हे नवं काही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कला १९१२च्या सुमारास गटारीचं पाणी तसंच्या तसं देत होते. वासाच्या तक्रारी वाढल्यावर १९३२ मध्ये बागेतच शुद्धीकरण केंद्र बांधलं. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गनं १९७७ पासून शहरभर दुसरी नळी टाकून बागा, शाळांची मैदानं, गोल्फ कोर्स त्यावर जगवले. कॅलिफोर्नियानं तर कायद्यातच लिहून ठेवलं आहे की योग्य दर्जाचं पुनर्वापराचं पाणी मिळत असताना गोल्फ मैदानासारख्या जागेला पिण्याचं पाणी घालणं म्हणजे पाण्याची नासाडी. आपल्याकडे चंडीगडनं हिरवळींसाठी वेगळ्या नळ्या टाकल्या. तिथं वासाच्या तक्रारी झाल्या, पण त्या ऐकून केंद्रं सुधारायला घेतली, नळ्या उखडल्या नाहीत. वीजकेंद्रांसाठी नागपूरनं वाट दाखवली. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या केंद्राला जातं आणि तेवढं पेंचचं पाणी वाचतं.

नाशिकला अडचण आहे ती उताराची. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला, पश्चिमेला. सांडपाणी उतारानं वाहत खाली, पूर्वेला येतं आणि केंद्रं तिथंच आहेत. बागा, मैदानं, वसाहती वर. तपोवनचं पाणी गोल्फ क्लबपर्यंत चढवायचं तर शहराच्या पोटातून नवी नळी आणि कायमचा पंप. विजेचं बिल पाहून पहिल्याच उन्हाळ्यात असे पंप बंद पडतात. त्यापेक्षा मैदानाच्या जवळून जाणाऱ्या गटारीतूनच लागेल तेवढं पाणी उचलावं, तिथंच लहान केंद्रात शुद्ध करावं आणि गाळ पुन्हा गटारीत सोडून द्यावा. बंगळुरूच्या कब्बन पार्कात रोज पंधरा लाख लिटरचं असं केंद्र आहे. वरच्या हिशेबातल्या पंचवीस हेक्टरांना ते पुरून उरेल. अशी लहान केंद्रं बांधायला जागा थोडी लागते, चालवायला मात्र रोज माणूस लागतो. मोठ्या गृहसंकुलांतली किती केंद्रं बिल्डर गेल्यावर धूळ खात पडतात हे सोसायटीच्या कोणत्याही सेक्रेटरीला विचारावं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. हे पाणी आहे कुणाचं? गटारीत गेलं म्हणजे ते बेवारस झालं असं आपण समजतो. पण ते गोदावरीतच जातं, तिथून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यात. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं हेच पाणपक्ष्यांचं अभयारण्य. तिथून कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे, आणि उरलेलं जायकवाडीला. नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातला वाद दर दुष्काळात पेटतो. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं समन्यायी वाटप सांगितलं तरी खालच्याला वरच्यावर भरवसा नसतो. अशा खोऱ्यात ‘आमचं सांडपाणी आम्ही वापरू’ हे वाक्य जपूनच बोलायला हवं. न्हाणीघरात वापरलेलं पाणी बहुतांश परत नदीला मिळतं. गवताला घातलेलं पाणी आभाळात जातं. ते खालच्या शेतकऱ्याला परत मिळत नाही.

म्हणून मला एक भेद फार महत्त्वाचा वाटतो. आज ज्या हिरवळीला धरणाचं पाणी जातं, तिला उद्यापासून शुद्ध केलेलं पाणी दिलं आणि धरणाचा तेवढा नळ खरोखर बंद केला, तर खोऱ्याचं काही कमी होत नाही. नदीत जाणारं पाणी जेवढं घटलं तेवढं गंगापूरमध्ये शिल्लक राहिलं, तेही स्वच्छ, आणि नदीतलं खत कमी झालं ते वेगळंच. पण ‘पाणी फुकटचं आहे’ म्हणून शहराबाहेर नवं गोल्फ मैदान, नवे बंगले, नवी लॉनं उभी राहिली, तर ते पाणी कोपरगावच्या पाटातून काढून घेतलेलं असतं, मग जाहिरातीत ते कितीही पर्यावरणस्नेही म्हटलेलं असो. जुन्या हिरवळीची अदलाबदल करावी, नव्या हिरवळीला हे कारण देऊ नये. आणि जे वाचलं त्याची नोंद धरणाच्या हिशेबात आकड्यानं दिसली पाहिजे, भाषणात नव्हे.

२०२७च्या सिंहस्थासाठी शहरात केंद्रं, नळ्या, रस्ते यांची कामं निघाली आहेत. रस्ता उकरलेला असतानाच दुसरी नळी टाकायला सोपी असते, नंतर ती कुणी टाकत नाही. त्याआधी मात्र ज्या मैदानाला हे पाणी द्यायचं तिथली माती पाहून घ्यावी. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मैदानातलं बोटाच्या पेराएवढं सुकं ढेकूळ घ्यायचं, पावसाचं पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासात अलगद सोडायचं आणि न हलवता काही तास ठेवायचं. ढेकूळ फुटून खाली भुगा झाला आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर माती अजून शाबूत आहे. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय धरलं, तर सोडियम आधीच आत शिरलेला आहे. अशा जागी नळीआधी चर खणावे लागतील आणि जिप्सम टाकावं लागेल. हा ग्लास दर वर्षी मे महिन्यात एकदा आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात एकदा भरून पाहायचा. मेमधलं वलय ऑक्टोबरात विरळ झालेलं दिसलं, की पावसानं आपलं काम केलं असं समजायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात स्प्रिंकलर पुन्हा चालू करायचे.